डोबरमनच्या पिल्लाच्या आई-वडिलांचे हृदय निरोगी असल्याचा दाखला पुरेसा मानावा का?

तुम्ही विचारले आहे की, डोबरमनचे पिल्लू दाखवताना पैदासकाराने त्याच्या आई-वडिलांचे दोन कागद पुढे केले, एक पशुवैद्यकाने स्टेथोस्कोपने तपासून हृदय निरोगी असल्याचे लिहून दिलेला आणि दुसरा जनुकीय चाचणी ‘क्लिअर’ आल्याचा. तर एवढ्यावर निश्चिंत व्हावे का? मी स्वतः पशुवैद्यक आहे आणि माझे मत असे की, दोन्ही कागद अस्सल असले तरी तुमच्या शंकेचे उत्तर त्यांत नाही.

या जातीत धास्ती असते ती डायलेटेड कार्डिओमायोपॅथीची. यात हृदयाचा स्नायू दुबळा होत जातो, डावा खालचा कप्पा ताणून मोठा होतो आणि ठोक्यांची लय बिघडते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात निम्म्याहून अधिक डोबरमन कुत्र्यांना आयुष्यात केव्हातरी हा विकार जडतो, असे दिसले. अडचण अशी की, रोग सुरू झाल्यावरही कुत्रा कित्येक महिने, कधी काही वर्षे, नेहमीसारखा धावतो आणि खातो; काहींच्या बाबतीत तर अचानक आलेला मृत्यू हेच पहिले लक्षण ठरते. या मूक काळात छातीत मर्मर, म्हणजे ठोक्यांसोबतचा जादा आवाज, ऐकू येईलच असे नाही, आणि दिवसभरात विखुरलेले चुकार ठोके दोन मिनिटांच्या तपासणीत कानावर पडण्याची शक्यता फार थोडी. म्हणून डोबरमनसाठी चोवीस तासांचे होल्टर (अंगावर बांधलेल्या यंत्राने ठोक्यांची सलग नोंद) आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) या दोन्ही तपासण्या लागतात, कारण काही कुत्र्यांत आधी लय बिघडते तर काहींत आधी स्नायू ढिला पडतो. होल्टरमध्ये चोवीस तासांत खालच्या कप्प्यांतून अवेळी उठणारे ठोके ३०० च्या वर गेले, तर रोग आहे असे धरले जाते; ५० ते ३०० च्या दरम्यान असतील तर काही महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी लागते.

याचा अर्थ स्टेथोस्कोप निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलच्या मायट्रल झडपेचा विकार किंवा न्यूफाउंडलंड आणि गोल्डन रिट्रीव्हर यांच्यातील महाधमनीच्या तोंडाशी असलेले जन्मजात आकुंचन बहुधा प्रथम कानालाच कळते आणि मग इकोने त्याची खात्री करतात. बॉक्सरमध्ये उलट इको अगदी निर्दोष येऊनही होल्टरमध्ये लय बिघडलेली सापडू शकते. कोणत्या जातीत कोणता रोग शोधायचा आहे, यावर कोणती तपासणी कामाची हे ठरते, आणि नुसते ‘हार्ट चेक झाले आहे’ हे विक्रेत्याचे वाक्य नेमके हेच झाकून ठेवते.

जनुकीय चाचणीविषयी मी अधिकच सावध राहीन. अमेरिकेतील डोबरमन कुत्र्यांत या रोगाशी पीडीके४ आणि टीटीएन या दोन जनुकांतील बदलांचा संबंध आढळला, परंतु युरोपातील कुत्र्यांत पीडीके४चा तसा संबंध दिसला नाही. बदल असलेली काही कुत्री म्हातारी होईपर्यंत ठणठणीत राहतात आणि ‘क्लिअर’ कुत्र्यालाही रोग होतो.

मग पैदासकाराला काय विचारावे? दोन्ही पालकांचे होल्टर आणि इको केव्हा झाले ते तारखेसह पाहावे. अहवाल एका वर्षाहून जुना असेल तर त्याचे मोल बरेच उतरते. तरीही ताजा अहवाल त्या दिवसापुरताच खरा असतो, आणि पैदास तरुणपणी होते तर रोग बहुधा उतारवयाकडे झुकताना डोके वर काढतो. त्यामुळे मी पालकांपेक्षा आजी-आजोबांची चौकशी अधिक करतो: किती वर्षे जगले, कशाने गेले, शवविच्छेदन झाले होते का. ‘सहाव्या वर्षी खेळता खेळता कोसळला, उन्हाचा त्रास झाला असावा’ असे कोणी सांगितले, तर अन्य पुरावा मिळेपर्यंत मी तो मृत्यू हृदयाच्याच खाती टाकतो. नवव्या वर्षी स्वच्छ होल्टर असलेला आजोबा मला कोणत्याही जनुकीय प्रमाणपत्राहून अधिक आश्वासक वाटतो.

पिल्लू घेतलेच, तर तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी होल्टर आणि इको करून घ्या. लवकर कळण्याने प्रत्यक्ष फरक पडतो: २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रोटेक्ट’ या चाचणीत, लक्षणे दिसण्यापूर्वीच पिमोबेंडन सुरू केलेल्या डोबरमनना हृदय निकामी होण्यास किंवा अचानक मृत्यू येण्यास मध्यक ७१८ दिवस लागले, तर हे औषध न मिळालेल्यांना ४४१. मात्र हे औषध मुख्यतः दुबळ्या स्नायूला बळ देते. होल्टरमध्ये लयीचा गंभीर दोष दिसला तर त्यावरचे औषध वेगळे असते आणि ते हृदयरोगाचा अनुभव असलेल्या पशुवैद्यकाकडूनच ठरवून घ्यावे.