मेनी ग्लेशियर हॉटेल: आजी-आजोबा आणि मुलांसकट तीन रात्री राहायचं असेल तर

तुमचा प्रश्न असा आहे: जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात माँटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कला जायचं आहे. बरोबर भारतातून आलेले आजी-आजोबा आणि दोन शाळकरी मुलं. तिथल्या मेनी ग्लेशियर हॉटेलात ना एसी, ना टीव्ही, भिंती पातळ, आणि दर मात्र शहरातल्या चांगल्या हॉटेलच्या वर. मग तळ्याकाठच्या या शंभर वर्षं जुन्या हॉटेलात राहावं, की जवळच्या सेंट मेरी गावात राहून दिवसा जाऊन यावं, की पार्काच्या पश्चिमेकडचं लेक मॅक्डॉनल्ड लॉज घ्यावं?

माझं मत: राहा. पण तळ्याकडच्या खोलीसाठी अडून बसू नका, आणि तीन रात्री तीन ठिकाणी वाटू नका.

हे हॉटेल असं का आहे ते कळलं की निम्म्या तक्रारी गळून पडतात. पार्क झालं १९१० साली. आपल्या गाड्यांना प्रवासी मिळावेत म्हणून ग्रेट नॉर्दर्न रेल्वेचा प्रमुख लुई हिल याने पार्कात आणि आसपास स्विस धाटणीची हॉटेलं आणि शॅले (डोंगरातली छोटी विश्रामगृहं) उभारले. मेनी ग्लेशियर हॉटेल ४ जुलै १९१५ ला उघडलं, १९१७ मध्ये त्याला जोडइमारत झाली. पाहुणा दिवसभर घोड्यावर किंवा पायी डोंगरात असणार, संध्याकाळी लॉबीत शेकोटीपाशी बसणार आणि खोलीत फक्त झोपणार, हा हिशोब होता. म्हणून लॉबी चार मजली उंच, सोललेल्या ओंडक्यांच्या खांबांची, आणि खोल्या बेताच्या. बाथरूम तर एका वेळी एकानेच वळावं इतक्या. लॉबीतला दुहेरी गोल जिना १९५० च्या दशकात दुकानासाठी काढून टाकला होता, तो २०१७ मध्ये पुन्हा बांधला. १९८७ पासून इमारत राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू आहे, त्यामुळे भिंत फोडून मोठी बाथरूम किंवा एसी असले बदल सहजासहजी होत नाहीत.

आता मुख्य मुद्दा, जो बुकिंगच्या पानावर कुठे ठळक दिसत नाही. हॉटेल स्विफ्टकरंट लेकच्या पूर्व काठावर आहे आणि तोंड पश्चिमेला, म्हणजे ग्रिनेल पॉइंट, माउंट गूल्ड, माउंट विल्बर या सुळक्यांकडे. सूर्य हॉटेलच्या पाठीमागून उगवतो आणि पहिलं ऊन थेट त्या कड्यांवर पडतं. जुलैच्या मध्यावर ही वेळ पहाटे पावणेसहाच्या आसपास. वारा बहुधा अजून उठलेला नसतो, पाणी स्थिर असतं, आणि गुलाबी कडे तळ्यात उलटे दिसतात. हे सगळं पाऊण तासात आटोपतं. सेंट मेरीहून एकवीस मैल गाडी हाकत यायचं तर मुलांना पावणेपाचला उठवावं लागेल, ते होणार नाही. मुक्कामाचे पैसे आहेत ते या पाऊण तासाचे. सूर्यास्ताचा मामला उलटा: सूर्य कड्यांमागे लवकर जातो, दरी सावलीत येते, आणि साडेनऊच्या पुढेही नुसता संधिप्रकाश रेंगाळतो.

यावरून खोलीचा निर्णय सोपा होतो. तळ्याकडच्या खोल्या पश्चिममुखी, म्हणून जुलैच्या दुपारी तापतात आणि एसी नाही. पहाटेचं दृश्य हॉटेलच्या तळ्याकडच्या लांब गॅलरीतून कुणालाही फुकट दिसतं, तिथे खुर्च्याही असतात. तुमच्या मंडळींसाठी दृश्यापेक्षा जिने महत्त्वाचे. बुकिंग फोनवर करा आणि तीन गोष्टी नेमक्या विचारा: खोली मुख्य इमारतीत की जोडइमारतीत, तिथवर लिफ्ट जाते का, आणि लॉबीपासून किती पायऱ्या. 'लिफ्ट आहे का' एवढंच विचारलंत तर 'आहे' असं उत्तर येऊ शकतं आणि ती नेमकी दुसऱ्या टोकाला निघते. जी काही व्यवस्था होईल ती आरक्षणाच्या नोंदीत लिहून घ्या. फॅमिली रूम म्हणजे दोन छोट्या खोल्या आणि एक सामायिक बाथरूम. सहा जणांना सकाळी ती पुरत नाही. आजी-आजोबांना वेगळी साधी खोली आणि तुम्हा चौघांना फॅमिली रूम, ही वाटणी बरी. आवाज आरपार जातो, तेव्हा कानातले बोळे सगळ्यांसाठी घ्या.

गाड्या उभ्या करायची जागा हॉटेलच्या वर, चढावर आहे. आधी दाराशी जाऊन माणसं आणि सामान उतरवा, मग एकट्यानेच गाडी वर न्या. सगळे वरच उतरलात तर आजोबांना सामानासकट पायऱ्या उतराव्या लागतील.

बुकिंग तेरा महिने आधी उघडतं आणि जुलै-ऑगस्ट झपाट्याने भरतो. यंदाच्या जुलैसाठी आत्ता विचारत असाल तर रद्द झालेल्या खोल्यांवरच भिस्त. त्या कधीही सुटतात, पण पैसे परत मिळण्याची मुदत संपायच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत जास्त सुटतात, कारण लोक तोवर आरक्षण धरून ठेवतात. ही मुदत अटींमध्ये दिलेली असते, तिच्यावरून तारीख मोजा. सलग तीन रात्री शोधू नका. एकेक रात्र शोधा, मिळेल तशी घ्या, आणि खोली तीच ठेवता येईल का ते नंतर फोन करून बघा.

प्रवेशाचं दोनदा वाचा. उन्हाळ्यात गाडीमागे सात दिवसांचे ३५ डॉलर. शिवाय १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्या, १६ वर्षं आणि त्यावरच्या पाहुण्यांसाठी ग्लेशियरसह अकरा पार्कांत माणशी १०० डॉलरचा वेगळा आकार आहे. न राहणाऱ्यांचा वार्षिक पास २५० डॉलरचा, राहणाऱ्यांचा ८० चा. आजी-आजोबा पाहुणे म्हणून आलेले असतील तर हा नियम तुम्हाला लागू आहे. तुमच्या हातातल्या पासवर गाडीतले कोण कोण येतात ते पार्कच्या पानावर बघूनच निघा, फाटकावर हुज्जत घालून काही होत नाही. गाडी ठरावीक वेळेत आत नेण्याच्या आरक्षणाचे नियम दरवर्षी बदलत आलेत. ज्या वर्षी ते होतं, त्या वर्षी हॉटेलचं आरक्षण हाच त्या भागाचा परवाना मानला गेला, पण फक्त त्या भागाचा. मेनी ग्लेशियरच्या कागदावर पश्चिमेच्या फाटकातून आत सोडत नव्हते. २०२५ च्या उन्हाळ्यात तर बांधकामामुळे मेनी ग्लेशियरच्या दरीत खासगी गाड्यांवरच मर्यादा होती. तेव्हा निघायच्या आठवड्यात पार्कच्या ताज्या सूचना वाचायच्याच.

रस्ता. कॅलिस्पेलच्या विमानतळावरून दोन वाटा. एक गोइंग-टू-द-सन रोडने, ६,६४६ फुटांवरची लोगन पास ही खिंड ओलांडून. दुसरी यूएस २ महामार्गाने दक्षिणेकडून वळसा घालून. दोन्हीकडून तीन तास धरा. वरचा रस्ता बर्फ काढून पूर्ण उघडतो तो कधी जूनच्या मध्याला, कधी जुलैच्या मध्याला. तुमचा आठवडा बरोबर सीमेवर आहे, म्हणून पहिल्या दिवसाची आखणी यूएस २ धरूनच करा, उघडला तर चांगलंच. गोइंग-टू-द-सन रोडच्या अवघड टप्प्यावर गाडीची लांबी २१ फूट आणि आरशांसकट रुंदी ८ फूट याहून जास्त चालत नाही. सहा जणांना मिनिव्हॅन पुरते आणि ती बसते. 'ऐसपैस होईल' म्हणून लांब पंधरा आसनी व्हॅन घेतलीत तर ती अडवली जाऊ शकते. पेट्रोल सेंट मेरीला भरून घ्या, हॉटेलपाशी पंप नाही. बॅब गावानंतरचे शेवटचे बारा मैल खड्ड्यांचे आणि मधूनच गुरं आडवी येणारे आहेत, अंधारात नको.

मोबाइलला दरीत रेंज नाही असंच समजा. नकाशे, तिकिटं, आरक्षणाचे कागद आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. आजी-आजोबांची औषधं चार दिवस जास्तीची घ्या, कारण औषधाचं दुकान आणि मोठं रुग्णालय दोन्ही लांब आहेत. उंचीची मात्र काळजी नको. तळं सुमारे ४,९०० फुटांवर आहे, एवढ्याने सहसा कुणाला त्रास होत नाही.

तिथे काय करायचं? आजी-आजोबांसाठी सगळ्यात चांगली बोट. एक बोट स्विफ्टकरंट लेक ओलांडते, मग पाव मैल चालून छोटा चढ-उतार करायचा, आणि दुसरी बोट जोसेफीन लेकवर नेते. एकूण दीड तास. तो पाव मैल त्यांना झेपेल का, एवढं फक्त ठरवा. बोटी चालवणारी कंपनी हॉटेलपेक्षा वेगळी आहे, तिकीट वेगळं आणि आधीच काढावं लागतं. सकाळच्या फेऱ्या घ्या, कारण पश्चिमेचा वारा खंडविभाजक डोंगरधार (नद्यांचं पाणी दोन बाजूंना वाटणारी) ओलांडून या दरीत नळकांड्यातून आल्यासारखा सुटतो आणि दुपारनंतर फेऱ्या रद्द होऊ शकतात. तळ्याभोवतीची सपाट पायवाट २.६ मैलांची आहे. तीही सकाळीच, आणि डास पळवणाऱ्या मलमासकट.

लोगन पासला आपल्या गाडीने जायचा हट्ट नको. जुलैत तिथलं पार्किंग सकाळी सात-साडेसातलाच भरतं. त्याऐवजी पार्कात सहलीला नेणारी लाल बस. १९३६ ते १९३९ मध्ये बांधलेल्या या गाड्यांचं छत गुंडाळून मागे टाकता येतं, एका ओळीत चौघे बसतात. आजोबांना कडेची जागा द्या, चढण्या-उतरण्याचं दार प्रत्येक ओळीला आहे. छत उघडं असताना थंडी कडक लागते, टोपी आणि जाकीट हवंच.

मुलं चालणारी असतील तर ग्रिनेल ग्लेशियर: जाऊन-येऊन १०.६ मैल आणि सोळाशे फुटांहून जास्त चढ. दोन्ही बोटी वापरल्या तर ३.४ मैल वाचतात. पण वरच्या टप्प्यावरचा बर्फ जुलैच्या मध्यापर्यंत टिकतो आणि तोवर वाट शेवटपर्यंत उघडत नाही. तुमच्या तारखांना आइसबर्ग लेक जास्त भरवशाचं: साडेनऊ-पावणेदहा मैल, चढ तेराशे फुटांच्या आत आणि सुरुवातीचा चढ सोडला तर सावकाश. तेही जास्त वाटलं तर रेड रॉक फॉल्स, चारएक मैल, जवळजवळ सपाट. मुलांना पहिल्या दिवशी हेच द्या आणि पाय बघून पुढचं ठरवा.

अस्वलं. ही दरी ग्रिझलींची आहे, हॉटेलच्या आवारातूनही ती फिरतात. अस्वल आणि लांडग्यापासून १०० यार्ड, बाकी प्राण्यांपासून २५ यार्ड अंतर हा नियम आहे. अस्वलाला पळवायचा तिखट फवारा (बेअर स्प्रे) विमानात चालत नाही, ना हातातल्या बॅगेत ना सामानात. कॅलिस्पेलला विकत किंवा भाड्याने घ्या. तो कमरेला हवा, पाठीवरच्या पिशवीत असून उपयोग नाही. आणि घरातल्या सगळ्यांना एकदा समजावून सांगा: हा डासांच्या औषधासारखा अंगावर मारायचा नाही. हसू नका, लोक मारतात. आत तिखटाचा अर्क असतो, डोळे आणि श्वास दोन्ही बंद होतात. चालताना घंटा वाजवण्यापेक्षा मोठ्याने बोला, वळणावर टाळी वाजवा. खाऊ, कचरा, टूथपेस्टसुद्धा बाल्कनीत किंवा काठावरच्या बाकावर ठेवायचं नाही. खोलीत किंवा बंद गाडीत.

जेवणाची खोली एक, आणि गर्दी सातच्या सुमारास उसळते. मुलांना साडेपाचलाच बसवा. लवकर निघायचं असेल तर डब्याचं आदल्या संध्याकाळी विचारून ठेवा. खालच्या मजल्यावर हायडीज नावाचं छोटं दुकान आहे, तिथे कॉफी आणि किरकोळ खाणं मिळतं. खोलीत फ्रिज धरू नका, बर्फाची पेटी घेऊन या. रात्री रेंजरचे कार्यक्रम हॉटेलमध्येच होतात, टीव्हीची उणीव तिथेच भरून निघते.

रात्री जुलैतही पारा दहा अंश सेल्सियसच्या खाली सहज उतरतो. पहाटे गॅलरीत बसायचं तर आजींना लोकरी शाल आणि पायमोजे लागतील. दुपारी खोली तापते तेव्हा छोटा बॅटरीचा पंखा उपयोगी पडतो.

आणि लेक मॅक्डॉनल्ड लॉजचं, कारण तुम्ही पर्याय म्हणून लिहिलंय. ते १९१४ मध्ये उघडलं, तेव्हा पाहुणे बोटीने येत, म्हणून दर्शनी बाजू तळ्याकडे आहे आणि आज गाडीने जाणारा मागच्या दाराने आत शिरतो. तिथे वारा कमी, झाडी दाट, कॅलिस्पेल जवळ. पण मुख्य लॉजला लिफ्ट नाही, म्हणजे आजी-आजोबांसाठी तळमजला किंवा बाहेरच्या कॉटेज बघाव्या लागतील. कडे अंगावर आल्याचा भास तिथे नाही. शिवाय ऑगस्टात वणव्यांचा धोका: २०१७ आणि २०१८, लागोपाठ दोन्ही वर्षी ते रिकामं करावं लागलं होतं. तुमच्या जुलैत तो धोका कमी आहे, तरी तारखा पुढे ढकललेल्या असतील तर पैसे परत मिळणारंच आरक्षण घ्या, दोन्हीकडे.