रिकिबीत पाय ठेवण्यापूर्वी : वाचकांची प्रश्नोत्तरे

घोडेस्वारीत ‘क्लिनिक’ म्हणजे दवाखाना नव्हे. बाहेरगावचा प्रशिक्षक दोन-तीन दिवसांसाठी येतो, स्वारांचे लहान गट करतो आणि घोडा-स्वाराच्या प्रत्येक जोडीची अडचण रिंगणातच सोडवून दाखवतो, त्याला हे नाव आहे. या वेळची बहुतेक पत्रे अशाच क्लिनिकच्या आगेमागे लिहिलेली आहेत.

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी कँटरमध्ये (दुडकीपेक्षा वेगवान चालीत) असताना मी पडले. हाड मोडले नाही, पण आता घोड्यावर बसले की पोटात गोळा येतो. पुढच्या आठवड्यात क्लिनिक आहे. घोड्याला स्वाराची भीती कळते म्हणतात. माझ्यामुळे तोही बिघडेल का? (एक वाचक, पुणे)

कळते, मात्र ती कशी कळते हे समजले, की निम्मी अडचण आपल्या हातात येते. २००९ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात माणसांनी घोड्यांना एकाच वाटेवरून चार वेळा न्यायचे होते आणि चौथ्या फेरीआधी त्यांना सांगण्यात आले, की या वेळी घोड्यासमोर छत्री उघडली जाईल. छत्री कोणी उघडलीच नाही. तरीही त्या फेरीत माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्यांच्यासोबतच्या घोड्यांचेही वाढले. त्याच्या शंभर वर्षे आधी बर्लिनमधला हान्स नावाचा घोडा गणिते सोडवतो म्हणून गाजला होता. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये दाखवून दिले, की त्याला गणित येतच नव्हते. टापांची संख्या उत्तरापर्यंत पोहोचली की प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्याची किंचित हालचाल होई आणि तेवढी पाहून तो थांबत असे.

एवढे बारकावे टिपणाऱ्या प्राण्याच्या पाठीवर आपण श्वास रोखून, गुडघे आवळून आणि लगाम चार बोटे आखूड धरून बसतो, तेव्हा ‘या बाई घाबरल्या आहेत’ असा विचार तो करत नाही; पुढे काहीतरी धोका आहे, एवढाच अर्थ तो घेतो. तो कान टवकारून त्या धोक्याचा शोध घेऊ लागतो, त्याची मान ताठ होते, ती पाहून आपण लगाम आणखी आखडतो, आणि न उघडलेल्या छत्रीला दोघेही बिथरतो.

म्हणून धीर गोळा करत बसू नका, श्वास मोकळा ठेवा. त्यासाठी मोठ्याने बोलत राहण्यासारखा उपाय नाही, कारण बोलताना श्वास रोखता येत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने एकोणतीसचा पाढा म्हणत दुडकी चाल पुन्हा बसवली, आणि पाढा जिथे अडखळे तिथे घोडाही अडखळत असे. पहिल्याच सकाळी आपण पडल्याचे प्रशिक्षकाला स्पष्ट सांगा आणि ज्या चालीत सहज बोलता येते तिथूनच सुरुवात करा. दहा पावले चाल, थांबा, लगाम सैल. पुन्हा दहा पावले. हे बाळबोध वाटेल, पण प्रत्येक थांब्याला तुम्ही एक प्रश्न विचारता, घोडा त्याचे उत्तर देतो, आणि विचारलेल्या गोष्टीचे उत्तर मिळते हा अनुभवच तुमचा विश्वास परत आणेल. कँटर या क्लिनिकमध्ये झाला नाही, तरी काही बिघडत नाही. आणखी एक : त्या पडण्यात हेल्मेट जोरात आपटले असेल, तर वरून ते धड दिसत असले तरी बदला.

प्रश्न : शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड (शर्यतीच्या जातीचा घोडा) घेतला आहे. बसू लागलो की तो चालायला लागतो आणि लगाम ओढला की थांबण्याऐवजी जोर करतो. तो हट्टी आहे का? (एक वाचक, नाशिक)

हट्टी नाही, तो त्याच्या जुन्या शाळेचा हुशार विद्यार्थी आहे. शर्यतीच्या तबेल्यात घोडा चालता असतानाच स्वाराला पायाला आधार देऊन वर बसवतात, त्यामुळे स्थिर उभे राहणे हा त्याच्याकडून कधी मागितलेला धडाच नव्हे. आणि धावताना लगामावरचा ताण म्हणजे रेलायला मिळालेला आधार, हे तो तिथेच शिकला. सतत ओढत राहिलात तर तो जुनाच धडा पक्का होईल. ताण द्या, आणि त्याने वेग किंचित जरी कमी केला तरी त्याच क्षणी सोडा. घोडा ताणामुळे शिकत नाही, ताण सुटल्यामुळे शिकतो, आणि सुटका एक-दोन सेकंद उशिरा झाली तर ती कशाबद्दल मिळाली हे त्याला उमजत नाही. बसण्याच्या चौथऱ्यापाशी तो हलला तर रागावू नका; शांतपणे एक फेरी मारून पुन्हा तिथेच आणा. बसल्यावर मात्र लगेच निघू नका, मनात वीस आकडे मोजा. पहिले काही दिवस यातच जातील. क्लिनिकच्या दोन दिवसांत हे सगळे सुटेल असे कोणी सांगितले, तर मी विश्वास ठेवणार नाही.

प्रश्न : मुलीच्या क्लिनिकमध्ये पहिला अर्धा दिवस खरारा करणे आणि दोरी धरून घोडा चालवणे यातच गेला. शुल्क स्वारीचे घेतले होते. (एक पालक, ठाणे)

शुल्काची तक्रार आयोजकांकडे करावी. प्रशिक्षकाचे मात्र बरोबर होते. जमिनीवर जो घोडा मुलीला खांद्याने ढकलून पुढे जातो, तो पाठीवरून तिचे ऐकेल ही आशा व्यर्थ आहे. खराऱ्याच्या वेळी तिला एक करायला सांगा : आयाळ जिथे संपते त्या उंचवट्यापाशी बोटांनी खाजवणे. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात, आणि तिथे खाजवल्याने हृदयाची गती उतरते हे मोजून पाहिलेले आहे. खालचा ओठ लोंबू लागला, की तो निवांत झाला असे समजावे. आपल्याकडे शाबासकी म्हणून मानेवर फटाफट थापा मारतात. त्या त्याला शाबासकी वाटत असतील, याबद्दल मला शंका आहे.

प्रश्न : तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) कसताना घोडी कान मागे पाडते, चावायला येते. क्लबात सांगतात, ‘एक ठेवून द्या, मालक कोण ते कळू दे.’ (एक वाचक, कोल्हापूर)

‘एक ठेवून’ दिल्याने तिचा इशारा बंद होईल, दुखणे बंद होणार नाही. आधी खोगीर तपासा, पाठीवर बोटे दाबत फिरवून ती कुठे दचकते ते पाहा आणि पशुवैद्याला बोलवा. घोड्याच्या जठरात आम्ल अखंड पाझरत असते, पण ते सौम्य करणारी लाळ फक्त चघळताना तयार होते. म्हणून दिवसातून दोनदा तोबरा आणि मधले अनेक तास रिकामी गव्हाण, अशा दिनक्रमात जठराला व्रण पडतात आणि तंग कसताना चावणे हे त्याचे एक लक्षण असू शकते. सुका चारा दिवसभर पुढ्यात असावा आणि स्वारीआधीही मूठ-दोन मुठी द्यावा. तपासणीत काही निघाले नाही, तर तंग एकदम न कसता एकेक भोक करून, मध्ये चार पावले चालवून कसा.

प्रश्न : रिंगणाच्या कोपऱ्यातल्या निळ्या पिंपाला माझा घोडा रोज बिथरतो. टाच मारून जवळ न्यावे का? (एक वाचक, संभाजीनगर)

नको. ज्या अंतरावर तो पिंप पाहतो पण पाय रोवत नाही, त्या अंतरावर थांबा, त्याला डोके खाली घेऊ द्या, आणि त्याने सुस्कारा सोडला की तुम्हीच त्याला मागे वळवा. चार-सहा वेळा असे झाले, की बहुतेक घोडे आपण होऊन दोन पावले पुढे टाकतात. घोड्याला जवळजवळ ३५० अंशांतले दिसते, पण कपाळासमोर लगतचे दिसत नाही. म्हणून मान मोकळी द्या, ती वळवूनच तो वस्तू नीट पाहतो. आणि उलट दिशेने येताना तेच पिंप दुसऱ्या बाजूने दिसून तो पुन्हा दचकला, तर त्याला लबाड म्हणू नका. त्या बाजूनेही हाच क्रम पहिल्यापासून करावा लागतो.