खिळा न ठोकता भाड्याचं घर सजवायचं कसं?

प्रश्न : ताई, आम्ही दोघं नुकतेच भाड्याच्या घरात राहायला आलोय. भिंती पिवळट पडल्यात, हॉलमध्ये एकच ट्यूबलाइट आहे आणि घरमालकांनी आधीच सांगितलंय की खिळा ठोकायचा नाही, रंग बदलायचा नाही. बजेट फार नाही, त्यात वर्षभराने घर सोडावं लागलं तर सगळा खर्च वाया जाणार. पण असंच ठेवलं तर घरी यावंसंच वाटत नाही हो.

उत्तर : रोज राहताय ना त्या घरात, मग ते छान दिसायलाच हवं, भाड्याचं असलं म्हणून काय झालं! फक्त प्रत्येक वस्तू घेताना एवढंच विचारा, जाताना ही आपल्यासोबत येणार का? येणार असेल तर पैसे वाया गेले असं होतच नाही.

सुरुवात लाइटपासून करा, कारण पिवळट भिंतीवर पांढऱ्याफटक ट्यूबचा उजेड पडला की घर जास्तच उदास दिसतं. एलईडी बल्बच्या खोक्यावर केल्विनचा, म्हणजे उजेडाच्या रंगछटेचा, आकडा असतो, 6500 म्हणजे थंड पांढरा उजेड, 2700 ते 3000 म्हणजे उबदार. ट्यूब आहे तिथेच राहू दे, कामाला लागतेच, पण संध्याकाळसाठी प्लगवर चालणारे एक-दोन लॅम्प घ्या, एक सोफ्याजवळ आणि एक समोरच्या कोपऱ्यात, त्यात हे उबदार बल्ब लावा आणि ट्यूब बंद करून बघा, तीच खोली वेगळी वाटेल.

मग पडदे. ड्रिल नको असेल तर आतून स्प्रिंग असलेला टेन्शन रॉड मिळतो, तो खिडकीच्या चौकटीत दोन्ही बाजूंना दाबून बसतो, पण हलक्या कापडालाच, जाड पडदा लावला की घसरतो. आधीच्या भाडेकरूंचा रॉड असेल तर उत्तमच, पडदा खिडकीच्या कडेला न संपवता पार जमिनीपर्यंत सोडा, उंची जास्त वाटते. गालिचा घेणार असाल तर फार छोटा नको, निदान सोफ्याचे पुढचे पाय त्यावर यायला हवेत, नाहीतर तो मधेच एकटा पडल्यासारखा दिसतो. मोठी फ्रेम टांगायलाच हवी असं नाही, बुटक्या कपाटावर भिंतीला टेकवून ठेवा. उंच शेल्फ मात्र शक्यतो घेऊ नका, ते भिंतीला न आवळता ठेवणं धोक्याचं असतं, घरात लहान मूल असेल तर नकोच.

आणि हो, सामान लावायच्या आधी रिकाम्या घराचे फोटो काढून घरमालकांना पाठवून ठेवा. कपाटाचे हँडल किंवा नॉब बदललेत तर जुने स्क्रूसकट पिशवीत घालून जपून ठेवा, जाताना परत बसवता येतात.

प्रश्न : चिकटवायचे हुक लावले की रंगासकट खाली येतात. असं का?

उत्तर : भिंतीवरून तळहात फिरवून बघा. हाताला पांढरी भुकटी लागली तर तो चुन्याचा रंग किंवा साधा डिस्टेंपर (पाण्यात कालवून लावतात तो) आहे, त्यावर कुठलाच हुक टिकणार नाही, नाद सोडा. त्यापेक्षा कपाटाचं दार, टाइल्स असल्या गुळगुळीत जागा वापरा. ऑइलपेंट असेल तर जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने (स्पिरिटसारखं पटकन उडून जाणारं द्रव) पुसा, कोरडी झाली की हुकामागची चिकटपट्टी, म्हणजे स्ट्रिप, अर्धा मिनिट घट्ट दाबा आणि तासभर काही लटकवू नका, आपण नेमके इथेच घाई करतो. काढताना खाली शेपटी असलेली स्ट्रिप भिंतीला समांतर हळूहळू खाली ओढायची, स्वतःकडे ओढली की रंग निघालाच म्हणून समजा.

प्रश्न : बेडरूमच्या भिंतीला ओल आहे, त्यावर चिकटणारा वॉलपेपर लावला तर झाकलं जाईल का?

उत्तर : नका लावू, प्लीज. मागे ओल अडकून बुरशी वाढते आणि त्याच खोलीत तुम्ही झोपता. तिथे प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवा. पाणी भिंतीकडच्या बाजूला जमलं तर ओल भिंतीतूनच येतेय, ते काम घरमालकांचं, फोटोसकट मेसेज करून मागे लागा. खोलीकडच्या बाजूला जमलं तर हवेतला दमटपणा आहे, खिडक्या उघड्या ठेवा, कपाट भिंतीपासून थोडं पुढे ओढा आणि ओले कपडे त्या खोलीत वाळत घालू नका.