वाचकांचे प्रश्न : डब्याचे स्टर्लिंग इंजिन चालता चालता का थांबते?

प्रश्न : शीतपेयाच्या ॲल्युमिनियमच्या डब्यापासून मी स्टर्लिंग इंजिन, म्हणजे आतली हवा आळीपाळीने तापवून आणि थंड करून चालणारे इंजिन, तयार केले आहे. आत तारेच्या घासणीचा डिस्प्लेसर (हवेला गरम तळ आणि थंड झाकण यांच्यामध्ये ढकलणारा भाग), वर फुग्याच्या रबराचा पडदा, जुन्या सीडीचे फ्लायव्हील (गती टिकवणारे चाक) आणि खाली मेणबत्ती आहे. हाताने गती दिल्यावर सुरुवातीला चाक काही फेरे घेते. दोन-तीन मिनिटांनी तेवढेही घेत नाही. डिस्प्लेसर थर्मोकोलचा करावा का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : थर्मोकोल मुळीच वापरू नका, तळाशी ते लगेच आकसेल. रॉबर्ट स्टर्लिंग यांच्या १८१६ च्या पेटंटमध्ये ये-जा करणाऱ्या हवेची उष्णता साठवून ती परत देणारा भाग होता, आणि घासणीच्या तारा थोड्याफार प्रमाणात तेच काम करतात.

सुरुवातीचे फेरेही पुढे बंद पडतात, यावरून माझा पहिला संशय वरच्या झाकणावर आहे. हे इंजिन नुसत्या उष्णतेवर नव्हे, तर गरम आणि थंड बाजूंच्या तापमानातील फरकावर चालते. ॲल्युमिनियम उष्णता झपाट्याने वर नेते, झाकण तापते आणि तो फरक घटत जातो. झाकणाभोवती एम-सीलचा कठडा करून त्यात थंड पाणी किंवा बर्फ ठेवा, आणि ज्योत डब्याच्या बाजूंना न लागता तळाच्या मध्यावरच लागेल असे पाहा.

तरीही चाक फिरले नाही, तर पडद्याचा दांडा क्रँकपासून (चाकाच्या वळणे दिलेल्या आसापासून) सोडवा, तळ तापू द्या आणि डिस्प्लेसर हाताने वर-खाली करा. तो वर असताना हवा तळाशी येऊन तापते, म्हणून पडदा फुगला पाहिजे. तो खाली नेल्यावर पडदा बसला पाहिजे. ही हालचाल स्पष्ट दिसत नसेल, तर क्रँक कितीही नीट बसवला तरी उपयोग नाही. सांध्यांवर साबणाचे पाणी लावून पडदा हलकेच दाबा, म्हणजे गळती बुडबुड्यांनी कळेल. झाकणातील डिस्प्लेसरच्या तारेचे छिद्र बहुधा सैल असते. तेथे तेलाचा एक थेंब पुरतो. पडदा मात्र ताणून बांधू नका, कारण ताणलेले रबर हलवण्यातच इंजिनची तुटपुंजी शक्ती खर्च होते. डिस्प्लेसर डब्याला घासता कामा नये. भोवती एक-दीड मिलिमीटर फट असू द्या आणि त्याची उंची डब्याच्या सुमारे दोन-तृतीयांश ठेवा.

पडदा व्यवस्थित हलत असेल, तर दोष घर्षणात किंवा जुळणीत आहे. दांडा सोडवलेलाच ठेवून थंड इंजिनचे चाक फिरवा. ते दर वेळी एकाच जागी येऊन थांबत असेल, तर डिस्प्लेसरचे वजन त्याला खाली ओढते आहे. सीडीच्या विरुद्ध बाजूला एखादे नाणे चिकटवून तोल साधा. क्रँकच्या दोन वळणांमध्ये ९० अंशांचा कोन हवा, आणि चाक ज्या दिशेने फिरते त्या दिशेने डिस्प्लेसरचे वळण पडद्याच्या वळणापुढे असले पाहिजे. कोन बरोबर असूनही इंजिन अडत असेल, तर काहीही उसकटण्यापूर्वी त्याला एकदा उलट दिशेने गती देऊन पाहा.