टाकीतल्या किलर व्हेलना समुद्रात सोडून का देत नाहीत? त्यांचं पुढे काय होणार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ओर्कांचे, म्हणजेच किलर व्हेलचे, खेळ चुकीचे आहेत हे आता बऱ्याच जणांना पटलंय, काही देशांत कायदेही झालेत, मग टाक्यांमधले ओर्का समुद्रात सोडून मोकळं व्हायला काय हरकत आहे? मलाही कित्येक वर्षं असंच वाटायचं. वाचत गेले तसतसं मत बदललं. त्यांतल्या बहुतेकांना समुद्रात सोडता येणार नाही असं मला आता वाटतं. शिकार करता येईल का, हा प्रश्न आहेच. पण त्याहून मोठा पेच हा की त्यांना सोडायचं तर कुणाकडे सोडायचं?

म्हणजे काय ते सांगते.

किलर व्हेल म्हणत असले तरी हा डॉल्फिनच्या कुळातला प्राणी, त्या कुळातला सर्वांत मोठा. १९७० च्या दशकात मायकेल बिग या संशोधकाने कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया किनाऱ्यावर एकेका ओर्काचे फोटो काढून त्यांची ओळख पटवायला सुरुवात केली. पाठीवरच्या पराला पडलेल्या खाचा आणि परामागचा खोगिरासारखा राखाडी डाग प्रत्येकाचा वेगळा असतो. त्यामुळे कोण कुणाबरोबर फिरतंय याची नोंद वर्षानुवर्षं ठेवता आली. त्यातून कळलं की तिथल्या मासेखाऊ ओर्कांमध्ये मुलगा असो की मुलगी, आईला जन्मभर सोडत नाही. तीस वर्षांचा, आईपेक्षा आकाराने कितीतरी मोठा झालेला नर तिच्याच बाजूने पोहत असतो. जोडीदार दुसऱ्या कळपात शोधतो, राहायला मात्र आईपाशीच परत येतो. माद्यांची वीण चाळिशीच्या सुमारास थांबते, पण त्यानंतरही त्या कित्येक वर्षं जगतात, काही तर ऐंशीच्या घरात पोचतात. सॅमन माशांचा तुटवडा असतो त्या वर्षी कळपाच्या पुढे असतात त्या याच आज्या. आई गेली की प्रौढ मुलगाही दगावण्याची शक्यता वाढते, हेसुद्धा या नोंदींतून दिसलं.

त्यात भर बोलीची. जॉन फोर्ड यांनी पाण्याखाली माइक सोडून ऐकलं तेव्हा लक्षात आलं की प्रत्येक कळपाच्या हाका वेगळ्या आहेत आणि पिल्लं त्या आपल्या घरच्यांकडून शिकतात. काही ओर्का फक्त मासे खातात, काही सील आणि इतर सस्तन प्राणी. एकाच पाण्यात राहूनही हे दोन गट एकमेकांत मिसळत नाहीत. म्हणून एखादा ओर्का एकटा पाहिला तर त्यात ओर्काचं निम्मंही काही दिसत नाही, असं मला वाटतं. उरलेलं सगळं त्याच्या आजूबाजूला पोहत असतं.

आता हे प्राणी पकडले कसे ते बघा. ८ ऑगस्ट १९७० रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या पेन कोव्ह या खाडीत एक मोठा कळप वेगवान बोटी, विमान आणि पाण्यात फोडलेले स्फोटक गोळे यांनी हाकत आणून जाळ्यात कोंडला. न्यायची होती ती पिल्लं, कारण ती लहान, उचलायला सोपी. मायांना जाळ्याबाहेर ठेवून पिल्लं एकेक करून वर खेचली. तिथून सात विकली गेली. काही पिल्लं जाळ्यात गुरफटून बुडाली. त्यांची पोटं चिरून आत दगड भरले, नांगराचं वजन बांधलं आणि ती तळाला सोडून दिली. पुढे काही महिन्यांनी ती किनाऱ्याला लागली तेव्हा लोकांना सगळा प्रकार कळला. हा परिच्छेद लिहिताना दर वेळी माझा हात थांबतो. सोडून दिलेल्या मोठ्या ओर्कांपैकी काही लांब न जाता तिथेच घुटमळत राहिले, हे तिथे हजर असलेल्या माणसांनीच सांगितलं आहे. पेन कोव्हचा कळप ज्या समाजाचा होता त्यातली पिल्लं अशी वर्षानुवर्षं उचलली गेल्याने पुढे वीण करणारी एक पिढीच खिळखिळी झाली. २००५ साली त्याला अमेरिकेत धोक्यातला म्हणून संरक्षण मिळालं. आज त्यात पाऊणशेच्या आसपास ओर्का उरलेत. सॅमनचा तुटवडा, जहाजांचा गोंगाट, पाण्यातली विषारी रसायनं ही कारणंही आहेत, पण सुरुवात या जाळ्यांपासून झाली.

मी स्वतः ओर्काचा खेळ आयुष्यात एकदाच पाहिला. कुठे ते सांगत नाही. टाळ्या मीही वाजवल्या, अगदी मनापासून. खेळ संपून गर्दी पांगली, मी मात्र बाकावरच बसून राहिले, म्हणून पुढचं दिसलं. एक मोठा नर मागच्या लहान टाकीच्या फाटकापाशी येऊन थांबला. पाठीवरचा उंच पर एका अंगाला मुडपून लोंबत होता. सुरुवातीला तो नुसताच तरंगत होता, शेपूटसुद्धा हलत नव्हती. मधूनच डोक्यावरचं श्वासाचं छिद्र उघडायचं, फुस्स करून वाफ उडायची, परत मिटायचं. ऊन थेट पाठीवर पडत होतं. मग त्याने तोंड उघडून खालचा जबडा फाटकाच्या आडव्या लोखंडी गजावर टेकवला आणि घासायला लागला. पुढे, मागे, पुढे, मागे. वीसेक मिनिटं हेच चाललं होतं. झाडलोट करणाऱ्या मुलाला विचारलं तर म्हणाला, "तो रोज तसंच करतो."

त्या गजाचा अर्थ मला नंतर कळला. २०१७ साली एकाच कंपनीच्या मालकीच्या २९ ओर्कांच्या दातांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दातांना काहीच इजा नाही असा एकही ओर्का सापडला नाही. काँक्रीट आणि लोखंड चावून चावून दात झिजतात, तुटतात, आतला गर उघडा पडतो. मग त्या दाताला ड्रिलने भोक पाडतात आणि ते उघडंच ठेवून रोज पाण्याच्या फवाऱ्याने धुतात, नाहीतर अन्न अडकून पू होतो. मुडपलेल्या पराचंही तसंच. टाकीतल्या जवळजवळ प्रत्येक प्रौढ नराचा पर असा पडलेला असतो, समुद्रात तसा क्वचितच दिसतो. खायला गोठवलेले मासे वितळवून देतात. ओर्काला लागणारं पाणी माशांतूनच मिळतं आणि गोठवल्यावर ते कमी होतं, म्हणून वरून जिलेटिन भरवावं लागतं. दिवसाला शंभर किलोमीटर सहज कापणारा आणि शंभर मीटरच्या खाली बुडी मारणारा प्राणी दहा-बारा मीटर खोल पाण्यात आयुष्य काढतो.

दुसरी बाजूही खरी आहे आणि ती टाळायची नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ओर्का म्हणजे क्रूर जनावर, दिसलं की गोळी घाला, अशीच समजूत होती. कॅनडाच्या मत्स्य खात्याने तर सॅमन वाचवण्यासाठी एका सामुद्रधुनीवर मशीनगन बसवली होती, सुदैवाने ती चालवली गेली नाही. १९६४ साली व्हँकुव्हरच्या मत्स्यालयाला ओर्काचा पुतळा करायचा होता, त्यासाठी नमुना म्हणून एकाला भाला मारला. तो मेला नाही. जवळपास तीन महिने जगला, हजारो लोकांनी पाहिला, आणि हे जनावर किती सौम्य आहे ते पहिल्यांदा जगाला कळलं. मॉबी डॉल असं त्याचं नाव ठेवलं होतं. आज ओर्कासाठी जीव तुटणाऱ्या पुष्कळ माणसांची सुरुवात टाकीच्या काचेला नाक लावूनच झाली, हे मला मान्य आहे. पण एकदा कळल्यावर तेच कळून घेण्यासाठी आणखी पिल्लं टाकीत जन्माला घालण्याचं कारण मला दिसत नाही.

आता सोडण्याकडे येऊ. केइकोची गोष्ट तुम्ही ऐकली असेल, सिनेमामुळे जगभर गाजलेला तो ओर्का. १९७९ साली आइसलँडजवळ पकडला तेव्हा तो पिल्लूच होता. कॅनडा, मग मेक्सिको सिटी, मग अमेरिकेतलं ऑरेगन असा फिरत १९९८ साली त्याला आइसलँडच्या खाडीत परत आणलं. कोट्यवधी डॉलर खर्चून, जिवंत मासे पकडायला शिकवून, बोटीमागे खुल्या समुद्रात पोहायची सवय लावून त्याची तयारी केली. रानातले ओर्का दिसले की तो त्यांच्या जवळपास जायचा, पण थोडं अंतर ठेवून, कडेकडेने. २००२ साली तो एकटाच पोहत नॉर्वेला पोचला आणि तिथे काय केलं, तर माणसं शोधली. मुलं त्याच्या पाठीवर बसायची. डिसेंबर २००३ मध्ये न्यूमोनियाने तो गेला. त्याचा कळप कुठला ते शेवटपर्यंत सापडलं नाही.

त्याच २००२ साली सिएटलजवळच्या पाण्यात एक दोन वर्षांची मादी एकटी, आजारी, लाकडाच्या ओंडक्यांना अंग घासत फिरताना सापडली. तिच्या हाका ऐकून ती कुठल्या कळपाची ते ओळखता आलं. तिचं नाव स्प्रिंगर. तिला पकडून खाडीतल्या जाळीत ठेवलं, उपचार केले, माणसांशी संबंध शक्य तितका कमी ठेवला आणि महिन्याभरात बोटीने उत्तरेला तिच्या घरच्या पाण्यात नेऊन सोडलं. तिचे नातेवाईक त्याच भागात होते. हळूहळू त्यांनी तिला सामावून घेतलं. २०१३ साली ती पिल्लू घेऊन दिसली.

या दोघांत मला दिसणारा मोठा फरक म्हणजे स्प्रिंगरला परत जायला माणसं होती आणि तिची बोली अजून जिभेवर होती. केइकोकडे दोन्ही नव्हतं.

आज जगभरात पन्नासेक ओर्का बंदिवासात आहेत आणि त्यातले अनेक टाकीतच जन्मलेले. काहींची आई प्रशांत महासागरातली, बाप आइसलँडचा. तिलिकुम नावाच्या एकट्या नरापासून कृत्रिम रेतनानेसुद्धा पिल्लं झाली, आणि तिलिकुम तोच, ज्याच्या हातून तीन माणसांचे जीव गेले. या संततीला नेमक्या कुठल्या कळपापाशी नेऊन सोडणार? ज्यांचा कळप ठाऊक आहे असे मोजकेच. त्यांतली एक कॉर्की, १९६९ साली ब्रिटिश कोलंबियात पकडलेली, पाच दशकांहून जास्त काळ टाकीत. तिच्या आईला नंतर झालेली भावंडं समुद्रात वाढली. तिची स्वतःची पिल्लं मात्र एकही जगलं नाही. तिला निदान घरच्या पाण्यातल्या जाळीबंद खाडीत तरी न्यावं, असं मला मनापासून वाटतं.

पुढचा मार्ग माझ्या मते हाच: वीण पूर्ण बंद, खेळ बंद, आणि आहेत त्यांच्यासाठी समुद्राची खाडी जाळीने अडवून केलेलं आश्रयस्थान. तिथे भरती-ओहोटी असेल, तळाला खरे खेकडे-मासे असतील, आणि पशुवैद्य व जेवण माणसांकडूनच मिळेल, मरेपर्यंत. सीवर्ल्ड या अमेरिकन पार्क कंपनीने २०१६ साली प्रजनन थांबवलं, कॅनडाने २०१९ साली कायदाच केला, फ्रान्सने २०२१ साली. उलट चीनमध्ये नवी पार्कं उभी राहिली आणि तिथे प्रजननही सुरू आहे. २०२४ साली जपानमध्ये कोबेला ओर्का असलेलं नवं मत्स्यालय उघडलं. म्हणजे प्रश्न आपोआप विरून जाणार नाही.

खाडीचं कामही सोपं नाही. कॅनडाच्या नोव्हा स्कोशियात अशा खाडीची योजना आहे, पण परवानग्या, पैसा, वादळं, थंडी, सगळं आडवं येतं. २०१९ साली शांघायहून दोन बेलुगा (पांढऱ्या व्हेल) माद्या आइसलँडच्या खाडीत न्यायला आणल्या, त्यांनाही बराच काळ आतल्या टाकीतच राहावं लागलं. आणि उशिराची किंमत प्राणीच मोजतात. पेन कोव्हला पकडलेली टोकिटे मायामीच्या एका तोकड्या टाकीत ५३ वर्षं राहिली. तिला घरी नेण्याची घोषणा मार्च २०२३ मध्ये झाली, ऑगस्टमध्ये ती गेली. शेवटी तिची राख तेवढी तिच्या समुद्रात पोचली. त्याच वर्षी कॅनडात किस्का गेली. पाचही पिल्लं गमावलेली ही मादी २०११ पासून टाकीत दुसऱ्या ओर्काशिवाय, एकटी होती. जन्मभर आईला न सोडणाऱ्या प्राण्याला बारा वर्षं एकटं ठेवणं यापेक्षा मोठी शिक्षा मला सुचत नाही.

म्हणून मी सध्या फ्रान्समधल्या अँतिबच्या बातम्यांकडे लक्ष ठेवून असते. तिथलं पार्क जानेवारी २०२५ मध्ये प्रेक्षकांसाठी बंद झालं आणि मागे राहिले दोन ओर्का, विकी आणि तिचा मुलगा केइजो. जपानला पाठवा, स्पेनला पाठवा, खाडी तयार होईपर्यंत थांबा, असे वाद होत राहिले. माझं म्हणणं एवढंच, की जिथे न्याल तिथे दोघांना एकत्र न्या. २०१८ साली याच विकीच्या आवाजांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. तिने माणसाचा 'हॅलो' हुबेहूब नाही, पण ओळखू येईल असा काढून दाखवला आणि जगभर त्याचं कौतुक झालं. ऐकून बोलायला शिकण्याची ही क्षमता ओर्काला असते ती आईची बोली उचलण्यासाठी. केइजो २०१३ साली त्याच टाकीत जन्मला. तो जे बोलतो ते तो विकीकडून शिकला असणार, विकी तिच्या आईकडून, शारकेनकडून. आणि शारकेन १९८९ साली आइसलँडच्या समुद्रातून आणली होती.