एमबीए त्याचं, एकटेपण तिचं

अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठगावातून पत्र आलंय. लिहिणारी तिशीतली, पुण्यात बँकेत नोकरी केलेली. नवऱ्याच्या एमबीएसाठी चार वर्षांच्या मुलीला घेऊन ती ऑगस्टमध्ये तिथे पोचली. नवरा सकाळी जातो तो मुलगी झोपल्यावर येतो. भारतीय विद्यार्थ्यांच्या क्लबात ती एकदा जाऊन आली. "सगळं हिंदी, बॉलीवूड आणि इंटर्नशिपच्या गप्पा. मराठी एकच मुलगा भेटला, तोही घाईत. पुन्हा गेले नाही. ताई, आमच्यासारख्यांनी माणसं शोधायची कुठे?"

वयाने तू माझ्या मुलीच्या बरोबरीची, म्हणून एकेरीतच लिहिते. क्लबात पुन्हा जा. मात्र या वेळी पाहुणी म्हणून नको, काम मागायला जा.

या क्लबांचं गणित समजून घे. एमबीए दोन वर्षांचं. पहिले काही आठवडे ओळखीपाळखी, मग लगेच नोकऱ्यांचा हंगाम, आणि नेमकी त्याच्या तोंडावर दिवाळी. बहुतेक ठिकाणी दुसऱ्या वर्षाची मुलं क्लब चालवतात, हिवाळा सरता सरता नव्यांच्या हाती सूत्रं देतात आणि मे-जूनमध्ये पदवी घेऊन पांगतात. त्यामुळे दिवाळीच्या कार्यक्रमाला उत्साह भरपूर आणि हात कमी, अशी स्थिती कायमची. हॉल ठरवणं, केटररशी घासाघीस, तिकिटांचा हिशेब, यातलं काहीही 'मी करते' म्हणालीस, तर ती मुलं तुला देवासारखी मानतील. बँकेत काम केलेली बाई हिशेब सांभाळणार म्हटल्यावर तर प्रश्नच नाही. आणि मुलाखतीच्या गडबडीतला माणूस गप्पा मारायला थांबत नाही, पण खुर्च्या मांडताना आपोआप बोलतो.

इंटर्नशिपच्या गप्पांचा राग धरू नकोस. तुझ्या नवऱ्याला त्या लागतील. मुलाखतीचा सराव कोण घेतं? वर्षभर आधी त्यातून गेलेली, त्याच्याच व्हिसावरची दुसऱ्या वर्षाची मुलं. आपला अभ्यासक्रम स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) गटात मोडतो का, मोडत असेल तर पदवीनंतरच्या कामाच्या परवानगीला आणखी २४ महिने कसे जोडून मिळतात, कुठल्या कंपन्या परदेशी विद्यार्थ्यांच्या नादीच लागत नाहीत, हे कॉलेजच्या कार्यालयाआधी तिथेच कळतं. व्हॉर्टन या बिझनेस स्कूलच्या विद्यार्थ्यांनी १९९६पासून चालवलेला इंडिया इकॉनॉमिक फोरम किंवा हार्वर्डची इंडिया कॉन्फरन्स याही मुलांनीच उभ्या केलेल्या गोष्टी. तिथे वक्त्यांना विमानतळावरून आणायला गेलेल्या मुलाची ओळख नुसत्या श्रोत्यापेक्षा नक्कीच जास्त होते.

आता तुझ्यापुरतं. जोडीदारांचा वेगळा गट असतो, तो आधी शोध. केलॉग या बिझनेस स्कूलमध्ये जोडीदारांना 'जॉइंट व्हेंचर', म्हणजे भागीदारीतला धंदा, म्हणतात (हे नाव एमबीएवाल्यांनाच सुचू शकतं), हार्वर्डमध्ये 'क्रिमसन पार्टनर्स' आहे, इतरत्रही काही ना काही सापडतं. तिथे ब्राझीलची, जपानची, इस्रायलची बाई भेटेल, तीही तुझ्यासारखीच नोकरी सोडून आलेली. मुलं एकत्र खेळवायला आणि बालरोगतज्ज्ञ कुठला बरा ते विचारायला मराठी असण्याची काही गरज नाही. खरं सांगू, पहिल्या हिवाळ्यात हा गट भारतीय क्लबापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

पण मराठी हवंच, आणि ते मुलीसाठी जास्त हवं. त्यासाठी कॉलेजच्या बाहेर पड. क्लबातली माणसं दोन वर्षांत बदलतात, महाराष्ट्र मंडळातली तिथेच राहतात. बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९८१ची. उत्तर अमेरिकेतली गावोगावची मंडळं त्याच्याशी जोडलेली आहेत आणि अनेक ठिकाणी शनिवार-रविवारच्या मराठी शाळा भरतात. तुझी अडचण अंतराची असणार. मराठी कुटुंबं बहुधा दूरच्या उपनगरांत राहतात, कार्यक्रमही तिकडच्याच शाळांच्या सभागृहांत होतात, आणि विद्यार्थ्यांच्या घरी गाडी नसते. संकोच सोडून मंडळाच्या समितीला चार ओळी लिही: "आम्ही अमुक गावात राहतो, गाडी नाही, कुणी वाटेतून नेईल का?" असं विचारणारी तू पहिली नाहीस. ज्यांना हे लिहितेस त्यांतलेही कित्येक कधी काळी विद्यार्थी म्हणूनच इथे आले होते. लंडनमध्ये शिकणाऱ्यांना हे सोपं: तिथलं महाराष्ट्र मंडळ १९३२चं, डॉलिस हिलला त्याची स्वतःची वास्तू आहे आणि भुयारी रेल्वेने जाता येतं.

पुढच्या वर्षी गणपती क्लबातच बसवायचा विचार कर. गणेशोत्सव नवीन मुलं येण्याच्या सुमारासच पडतो, आणि मुंबईत वाढलेल्या गुजराती, तमिळ, सिंधी मुलांना 'सुखकर्ता दुःखहर्ता' पाठ असतं. तुला एकच मराठी मुलगा भेटला म्हणतेस. आरतीला बघ किती निघतात ते. ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी आरती रोमन लिपीत छापून ठेव. विद्यापीठाच्या खोल्यांत उघडी ज्योत बहुधा चालत नाही, धुराचा भोंगा वाजला तर अग्निशमन दलाची गाडी दारात उभी राहते. म्हणून निरांजन बॅटरीचं घे आणि कापूर, उदबत्ती घरीच ठेव. मोदकांना गोठवलेला खवलेला नारळ चालतो. नारळ, दाणे, दूध, गहू यांतलं कशात काय आहे, त्याच्या चिठ्ठ्या ताटांसमोर लाव. ॲलर्जीचा प्रश्न इथे थट्टेवारी नेत नाहीत.

मोदक खाऊन कुणीतरी म्हणेलच, "दर आठवड्याला डबा द्याल का? पैसे देऊ." नाही म्हण. तू एफ-२ व्हिसावर, म्हणजे विद्यार्थ्याच्या जोडीदाराला मिळतो त्या व्हिसावर, असणार, आणि त्यावर पैसे घेऊन कुठलंही काम चालत नाही, घरगुती डबासुद्धा. क्लबाचं काम मोबदल्याशिवाय असतं म्हणूनच ते सुचवलं. शिकायला मात्र मुभा आहे: २०१५पासून एफ-२वरच्या जोडीदाराला मान्यताप्राप्त संस्थेत अर्धवेळ अभ्यासक्रम घेता येतो. कम्युनिटी कॉलेजमध्ये अकाउंटिंगचा एखादा विषय घेतलास, तर पुण्यातल्या अनुभवाला इथली जोड मिळेल. नाव नोंदवण्याआधी नवऱ्याच्या कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात तुझ्या कागदांबद्दल विचारून घे.

आणि नवऱ्याला माझा निरोप दे: आठवड्यातली एक संध्याकाळ मुलगी त्याच्याकडे. क्लबाच्या बैठका रात्री आठनंतर असतात, आणि तुला त्यांना जायचं आहे.