मूलकणांसाठी कुठलं पुस्तक? आधी एकच घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बी.एस्सी. फिजिक्स झालंय, एम.एस्सी.ला मूलकणांचा (इलेक्ट्रॉन, क्वार्क असल्या सर्वांत लहान कणांचा) पेपर घ्यायचाय, मधले सात-आठ महिने सातारला घरीच आहात, तर ग्रिफिथ्स, हाल्झेन-मार्टिन, थॉमसन, पर्किन्स आणि पेस्किन-श्रोडर या लेखकांच्या पाठ्यपुस्तकांतलं कुठलं घ्यावं? पाचही घेतलीत तर पाचांची पहिली प्रकरणं पाठ होतील, बाकी काही नाही. माझं एक वर्ष त्यातच गेलं.

ग्रिफिथ्स घ्या. इलेक्ट्रोडायनॅमिक्सला आणि क्वांटमला बहुधा त्यांचीच पुस्तकं वापरली असतील, तोच गप्पा मारत शिकवणारा माणूस इथेही आहे. पहिलं प्रकरण इतिहासाचं, ते जेवण झाल्यावर आडवं पडून वाचलं तरी चालतं. दुसरं भराभर उरका. त्यात भाभा स्कॅटरिंग भेटेल, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा प्रतिकण) एकमेकांवर आदळून विखुरणं. आपल्या होमी भाभांचं हे गणित १९३६ साली छापून आलं, तेव्हा ते केंब्रिजला होते.

तिसऱ्या प्रकरणाशी मात्र मांडी ठोकून बसा. 'रिलेटिव्हिटी एस.वाय.ला झालीय की' म्हणून पोरं ते उडवतात आणि सहाव्यात आपटतात. एकच उदाहरण देतो. स्थिर पायॉन (एक अल्पायुषी कण) फुटून म्युऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) आणि न्यूट्रिनो (वस्तुमान जवळजवळ नसलेला कण) झाले, तर म्युऑनचा वेग किती? ऊर्जेचं एक आणि संवेगाचं एक समीकरण लिहून बसलात तर वर्गमुळांनी पान भरतं. त्याऐवजी फोर-मोमेंटम (ऊर्जा आणि संवेग एकत्र बांधलेली राशी, तिच्या वर्गातून वस्तुमान मिळतं) लिहा: पायॉन बरोबर म्युऑन अधिक न्यूट्रिनो. न्यूट्रिनो पायॉनकडे सरकवा, म्युऑन एकटा ठेवा आणि दोन्ही बाजूंचा वर्ग करा. म्युऑनचं फक्त वस्तुमान उरतं. न्यूट्रिनोचा वर्ग शून्य धरायचा. पायॉन जागेवरच असल्यामुळे गुणाकाराच्या पदात पायॉनचं वस्तुमान गुणिले न्यूट्रिनोची ऊर्जा, एवढंच राहतं. पायॉन १३९.६ आणि म्युऑन १०५.७ एमईव्ही (कणांच्या ऊर्जेचं आणि वस्तुमानाचं एकक) ही वस्तुमानं घाला. न्यूट्रिनोची ऊर्जा २९.८ एमईव्ही येते. म्युऑनचा संवेगही तेवढाच आणि त्याची ऊर्जा उरलेली १०९.८, म्हणून वेग प्रकाशाच्या ०.२७ पट. ज्या कणाची ऊर्जा-दिशा सध्या नकोय तो एकटा ठेवून वर्ग करायचा, ही खोड एकदा लागली की प्रकरणाच्या शेवटची निम्मी गणितं तोंडी सुटतात.

ते झालं की एका संध्याकाळी साताऱ्यातल्या 'चार भिंती'च्या टेकडीवर जाऊन बसा आणि तळहात आडवा धरा. त्यातून मिनिटाला शंभराच्या आसपास म्युऑन आरपार जातायत. म्युऑनचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, म्हणजे प्रकाशाच्या वेगानेसुद्धा साधारण ६६० मीटर. जन्म मात्र पंधराएक किलोमीटर उंचीवर. मग हातापर्यंत पोचतो कसा? ४ जीईव्हीचा (४००० एमईव्हीचा) म्युऑन घेऊन टाइम डायलेशन (वेगवान कणाचं घड्याळ हळू चालतं, ते) घाला. उत्तर पंचवीस किलोमीटरच्या आसपास यायला हवं. आलं नाही तर चौथं प्रकरण उघडू नका.

सहाव्यात ग्रिफिथ्स आधी ए, बी, सी नावाच्या तीन खोट्या कणांवर फाइनमनचे नियम (कणांच्या टकरींची गणितं चित्रांवरून मांडायची रीत) शिकवतात. स्पिन (कणाची अंगभूत फिरकी) नाही, मॅट्रिक्स नाही. 'खोट्या कणांत वेळ कशाला घालवायचा' असं वाटेल, पण वगळू नका.

दुसरं पुस्तक थॉमसन, पण ते ग्रिफिथ्सचं सातवं प्रकरण आल्यावरच उघडायचं. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनपासून म्युऑनची जोडी, हे गणित दोघांतही आहे, दोन्ही वाटांनी करा. ग्रिफिथ्सची वाट ट्रेसची (मॅट्रिक्सच्या कर्णावरच्या पदांच्या बेरजेची): गामा मॅट्रिक्सच्या ओळीच्या ओळी, हात चालतो पण काय चाललंय ते दिसत नाही. थॉमसन आधी हेलिसिटी (कणाचा स्पिन त्याच्या गतीच्या दिशेने की उलट) घेतात. चार कणांच्या मिळून १६ जुळण्या, आणि वस्तुमानं नगण्य धरली की त्यांतल्या फक्त ४ उरतात. दोन जुळण्या एक अधिक कॉस थीटाचा वर्ग देतात, दोन एक वजा कॉस थीटाचा. बेरीज केली की एक अधिक कॉस स्क्वेअर थीटा समोर येतं, आणि का आलं तेही कळतं. शिवाय हिग्ज बोसॉन सापडल्याचं सर्नने जाहीर केलं ४ जुलै २०१२ ला. ग्रिफिथ्सची दुसरी आवृत्ती २००८ ची, तिथे हिग्जची अजून वाटच पाहणं चाललंय. थॉमसन २०१३ चे, त्यांच्याकडे हिग्जचं प्रकरण आहे.

हाल्झेन-मार्टिन १९८४ चं. डब्ल्यू आणि झेड हे कण नुकतेच सापडले होते, टॉप क्वार्क सापडायला ११ वर्षं होती. तरी प्रोटॉनच्या आतले पार्टॉन (घटक कण) समजून घ्यायला मी अजून तेच उघडतो. कोल्हापूरला एम.एस्सी.ला असताना माझ्याकडे त्याची झेरॉक्स होती. स्पायरल बाइंडिंगवाल्याने भोकं इतकी आत पाडली की काही ओळींच्या सुरुवातीची वजा चिन्हं त्यात गेली. एक क्रॉस सेक्शन (टक्कर होण्याच्या शक्यतेचं माप) मी आठ दिवस काढत होतो आणि रोज तेच चुकीचं उत्तर येत होतं. शेवटी लायब्ररीतल्या मूळ प्रतीशी ताडून पाहिलं तेव्हा कुठे उलगडा झाला. प्रत कुठलीही मिळवा, पण समीकरणाच्या डाव्या कडा आधी तपासा. आणि एक लक्षात असू द्या: ग्रिफिथ्स सूत्रांत एच-बार (प्लांकचा स्थिरांक भागिले दोन पाय) आणि सी (प्रकाशाचा वेग) लिहितात, हाल्झेन-मार्टिन दोन्ही एक धरतात. या पुस्तकातलं सूत्र त्या पुस्तकात टाकताना इथेच घसरायला होतं.

पर्किन्स प्रयोगांसाठी चांगलं, लायब्ररीत चाळा. पेस्किन-श्रोडर आत्ता नकोच. ते फील्ड थिअरीचं (कणांमागच्या क्षेत्रांच्या गणिताचं) पुस्तक आहे आणि घरी एकट्याने दुसऱ्या प्रकरणापुढे जाणारा मी तरी पाहिलेला नाही (मीही नाही गेलो). फील्ड थिअरीची फारच हौस असेल तर लाहिरी-पाल घ्या. कोलकात्याचे दोघे आहेत, पुस्तक बारीक आणि पायऱ्या न गाळणारं.

वस्तुमानं, आयुष्यं, डिकेचे (कण फुटण्याचे) आकडे मात्र कुठल्याच पाठ्यपुस्तकातून घेऊ नका. पार्टिकल डेटा ग्रुपच्या साइटवर सगळं फुकट आहे, वर दिलेली वस्तुमानंही तिथून ताडून घ्या.

जुनी प्रत स्वस्तात मिळतेय म्हणून ग्रिफिथ्सची १९८७ ची पहिली आवृत्ती उचलू नका. न्यूट्रिनो ऑसिलेशनचं (न्यूट्रिनोची एक जात दुसरीत बदलते त्याचं) प्रकरण दुसऱ्या आवृत्तीत आलं. आणि थॉमसन लगेच विकत घ्यायची गरज नाही, माझी प्रत दिवाळीपर्यंत रिकामीच आहे. मी रविवारी सकाळी राजवाड्याकडे असतो, निरोप टाका, घेऊन येतो. कडेला पेन्सिलने लिहिलंय ते खोडू नका फक्त.